लोगो बघू नका, चेसिस नंबर बघा

लंडनमध्ये दिसलेली जुनी आय टेन गाडी ह्युंदाई या कोरियन कंपनीची, म्हणजे ती कोरियाहून आलेली असणार असं वर कुणीतरी लिहिलंय, पण तसं ठरवू नका, विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं-आकडे मिळून १७ चिन्हांचा चेसिस नंबर (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) दिसतो तो आधी वाचा. कोरियात बनलेल्या गाडीचा नंबर के ने सुरू होतो, जपानचा जे, जर्मनीचा डब्ल्यू, आणि त्या पहिल्या पिढीच्या आय टेनवर सुरुवातीला एम-ए-एल सापडेल, म्हणजे थेट ह्युंदाईचा चेन्नईजवळचा कारखाना! अमेरिकेत विकलेली फोर्ड इकोस्पोर्टसुद्धा एम-ए-जे, तीही चेन्नईचीच. खूप भारी वाटतं राव हे बघून. फक्त आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात नसतातच, गोल दिसलं की शून्य समजा.