रीमा लागू गेल्या. पण श्रद्धांजलीच्या लेखांत त्यांच्यातली विनोदी अभिनेत्री कुठे आहे?

शेवटची रांग

१८ मे २०१७ च्या पहाटे मुंबईत रीमाताई लागू यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. साठीही न गाठलेली ही अभिनेत्री आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ‘नामकरण’ या मालिकेच्या चित्रीकरणात होती, हे वाचल्यावर तर बातमी खरी मानणे आणखीच जड गेले. तेव्हापासून वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर त्यांच्याविषयी जे काही येत आहे ते मी वाचतो आणि पाहतो आहे, आणि त्यामागच्या आपुलकीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु जवळजवळ प्रत्येक लेखाचा सूर एकच आहे, तो म्हणजे ‘हिंदी पडद्यावरची आई हरपली’. नायकांची आणि नायिकांची नावे घेऊन त्या कोणाकोणाच्या आई झाल्या याची यादी दिली जाते, आणि दूरचित्रवाणीवर त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या विनोदी कामाची बोळवण शेवटच्या परिच्छेदातल्या एखाद्या वाक्यात होते.

मला ज्यांच्या जाण्याचे दुःख झाले आहे, त्या रीमाताई या लेखांत मला भेटत नाहीत. माझ्या मनातल्या रीमाताई म्हणजे ‘तू तू मैं मैं’ मधली सासू देवकी आणि ‘श्रीमान श्रीमती’ मधली कोकिळा कुलकर्णी. आमच्या घरी आजी आणि आई ‘तू तू मैं मैं’ शेजारी शेजारी बसून पाहत असत आणि दोघी वेगवेगळ्या ठिकाणी हसत असत. त्या दोघींनाही एकाच वेळी आपली वाटेल अशी सासू उभी करणे ही साधी गोष्ट नव्हे, एवढे मला कळते. मात्र ते त्यांनी कसे साधले, हे मला नीट मांडता येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी त्यांचे काम बारकाईने पाहिले आहे त्यांनी याविषयी लिहावे, अशी विनंती आहे.

दुसरा प्रश्न थोड्या संकोचानेच विचारतो. काल रात्री मी जुना एक भाग लावला, मला हसू आले, आणि त्याच क्षणी अपराधी वाटून मी तो बंद केला. या दिवसांत त्यांचे विनोदी काम पाहणे तुम्हाला योग्य वाटते का?

पाचवा अंक

मी अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर प्रॉम्प्टिंग आणि पडद्यामागची कामे केली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे त्या अंगाने देतो.

रीमाताईंच्या विनोदाचे मूळ त्यांच्या गंभीर नाटकांत आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे या मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री होत्या, म्हणजे नाटक घरातच होते. पुढे जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ मध्ये आणि शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’ मध्ये त्यांनी जी कामे केली, त्यांत हसायला जागाच नव्हती. ‘सविता दामोदर परांजपे’ मध्ये एकाच बाईच्या शरीरात दोन बायका वावरतात. तिथे अभिनेत्रीचा आवाज, नजर आणि श्वास क्षणात पालटावा लागतो, आणि तो पालट किंचितही खोटा वाटला तर प्रेक्षक घाबरण्याऐवजी हसू लागतात. हशा नेमका कुठे फुटू शकतो हे ज्या नटीला तो टाळण्यासाठी शिकावे लागते, तिला तो हवा तिथे मिळवताही येतो.

देवकीचे भांडण आठवून पाहा. तिच्या दृष्टीने ते भांडण जीवनमरणाचे असते. आपण काही गमतीदार बोलत आहोत याची देवकीला पुसटशीही कल्पना नसते, आणि रीमाताई तिला ती कधी येऊ देत नाहीत. हल्लीच्या कितीतरी विनोदी कार्यक्रमांत नट स्वतःच्या वाक्यावर डोळ्यांनी आधी हसतो आणि मग आपल्याला हसण्याचे आमंत्रण देतो. रीमाताईंनी असे आमंत्रण कधी दिले नाही. राग खरा, रुसवा खरा, सुनेने आपल्याला विचारले नाही याचे दुःखही खरे, आणि या सगळ्याचे कारण मात्र अगदी क्षुल्लक. कारण आणि भावना यांच्यातल्या त्या अंतरात विनोद आपोआप निर्माण होत असे.

याला दुसरी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. नाटकात वाक्य पडले की हशा ओसरेपर्यंत नट थांबतो, कारण प्रेक्षक समोर असतो. मालिकेच्या चित्रीकरणात समोर फक्त कॅमेरा आणि कामात बुडालेली माणसे असतात. घरी बसलेला प्रेक्षक कुठे आणि किती वेळ हसेल याचा अंदाज मनाशी बांधून पुढचे वाक्य टाकावे लागते. थोडे लवकर टाकले तर ते हशात बुडते आणि उशिरा टाकले तर प्रसंग पडतो. रीमाताईंचा हा अंदाज विलक्षण अचूक होता. समोरच्याच्या विनोदी वाक्यावर अकारण हालचाल करून त्याचा लाफ्टर मारणे, म्हणजे त्याला मिळणारा हशा घालवणे, ही तर नटांची जुनी खोड आहे. रीमाताईंच्या बाबतीत मला ती कधीच दिसली नाही. सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकर यांचे वाक्य चालू असताना त्या नुसत्या ऐकत असत, आणि त्या ऐकण्यानेच समोरच्या वाक्याला दुप्पट जोर येत असे. सचिन पिळगांवकर यांच्या दिग्दर्शनाचे श्रेय मान्य करूनही मी म्हणेन, की त्या दोघींनी एकमेकींना दिलेली ही जागा मालिकेचा खरा आधार होती.

रातराणी

वरील प्रतिसाद मनापासून पटला, तरी एक मतभेद नोंदवते. ‘तू तू मैं मैं’ चा मूळ साचा मला तेव्हाही फारसा आवडत नव्हता. स्वयंपाकघरात दोन बायका भांडणार, मधे नवरे कात्रीत सापडणार आणि त्यावर सगळ्या घराने हसायचे, ही कल्पना काही नवी नव्हती, आणि बायकांच्या बाजूची तर मुळीच नव्हती. त्यामुळे मालिका थोर होती असे मी म्हणणार नाही. रीमाताई मात्र त्या साच्यात मावल्या नाहीत, म्हणूनच आज इतकी वर्षे लोटल्यावरही आपण या सासूविषयी बोलत आहोत.

त्यांच्या सासूला सत्ता हवी होती, पण त्याहून अधिक तिला घरात कुणीतरी आपली दखल घ्यायला हवी होती. भांडताभांडता तिचा आवाज मधेच खाली येतो, आणि चढ्या आवाजापेक्षा तिथेच ती जिंकते. ज्या बाईची सारी कर्तबगारी चार खोल्यांत सामावलेली आहे, तिला त्या खोल्यांत दुसरी बाई आल्यावर काय वाटत असेल, हे मला माझ्या सासूबाईंनी कधी सांगितले नाही. ते मला देवकीकडून कळले. मी नवी सून असताना ही मालिका पाहत होते आणि माझी सहानुभूती अर्थातच तिच्या सुनेकडे, राधेकडे होती. तरीही त्या बाईचा मला कधी तिरस्कार वाटला नाही.

पुढे काय झाले तेही लक्षात घ्यायला हवे. ३ जुलै २००० रोजी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि पाहता पाहता सासूसुनांचे नाते दूरचित्रवाणीवर कटकारस्थानांचे आणि अश्रूंचे झाले. भांडण संपल्यावर दोघींनी एकत्र बसून चहा घ्यावा, ही शक्यताच जणू त्या घरांतून हद्दपार झाली. देवकी आणि राधा पुन्हा एकत्र बसणार याची खात्री असल्यामुळेच आपण त्यांच्या भांडणावर निर्धास्तपणे हसू शकत होतो.

लिंबोणी

मूळ प्रश्नात ‘आई’ आणि ‘विनोदी अभिनेत्री’ यांना समोरासमोर उभे केले आहे, ते मला तितकेसे मान्य नाही. दोन्ही ठिकाणी त्यांचे एकच बळ कामी येत होते, असे मला वाटते, आणि ते समजण्यासाठी वयाचा हिशेब पाहावा. ‘मैंने प्यार किया’ १९८९ सालचा; म्हणजे नायकाची आई झाल्या तेव्हा त्या एकतिशीच्या आसपास होत्या. ‘वास्तव’ मध्ये ज्या संजय दत्तची आई त्या झाल्या, तो त्यांच्यापेक्षा अवघ्या वर्षाने लहान होता. ‘तू तू मैं मैं’ १९९४ साली सुरू झाली तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या, आणि त्यांची सून झालेल्या सुप्रियाताई त्यांच्याहून केवळ नऊ वर्षांनी लहान. तरीही यापैकी एकदाही आपल्या मनात वयाची शंका आली नाही. केसांत पांढरी बट घालून किंवा पाठीला बाक आणून त्यांनी वय दाखवले नाही. घरातले निर्णय आपले आहेत, अशा भावनेने वावरणाऱ्या बाईची चाल आणि बोलण्याची ढब त्यांनी उचलली, आणि आपण ते वय मान्य करून टाकले.

१९९४ या एका वर्षाकडेच पाहा. त्या आईच्या भूमिकेत असलेला ‘हम आपके हैं कौन’ त्याच वर्षी पडद्यावर आला, ‘तू तू मैं मैं’ त्याच वर्षी सुरू झाली आणि ‘श्रीमान श्रीमती’ देखील त्याच वर्षीची. त्यांतली कोकिळा तर देवकीच्या अगदी उलट टोकाची आहे. तिचा नवरा केशव (जतीन कनाकिया) शेजारणीवर, म्हणजे अर्चना पूरणसिंग यांच्या प्रेमा शालिनीवर, लट्टू असतो आणि शेजारणीचा नवरा, राकेश बेदी यांचा दिलरुबा, कोकिळेवर. तिघेही आपापल्या परीने रंगीत आणि भडक आहेत; मधे कोकिळा साधी, नवऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवणारी. ही भूमिका वाटते त्याहून फार अवघड आहे. कोकिळा मूर्ख वाटली असती, तर आपण एका फसवल्या जाणाऱ्या बाईवर हसत आहोत हे जाणवून सगळा विनोद क्रूर झाला असता. रीमाताईंनी तिला भोळी ठेवले, पण तिचा मान कुठे कमी होऊ दिला नाही. त्यामुळे हसू नेहमी केशवच्या लटपटीवर येते, तिच्यावर नाही. पडद्यावरच्या आईला त्यांनी जी प्रतिष्ठा दिली, तीच त्यांनी इथेही वापरली आहे. कनाकिया १९९९ साली गेले. आता ती श्रीमती देखील नाही, हे लिहितानाही मन भरून येते.

कोरा कागद ९५

माझी पिढी थोडी नंतरची आहे. ‘तू तू मैं मैं’ च्या काळात मी अगदीच लहान होतो, म्हणून रीमाताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या झी मराठीवरच्या ‘तुझं माझं जमेना’ मध्ये, आणि तिथेही त्या सासूच होत्या. मला ती भूमिका इतकी आवडली की त्यानंतर मी उलट दिशेने जाऊन जुन्या मालिका शोधून पाहिल्या. जवळपास दोन दशकांच्या अंतराने तीच अभिनेत्री पुन्हा विनोदी सासू करते आणि स्वतःचीच नक्कल करत नाही, हे मला तेव्हा फार मोठे वाटले होते. इथली सासू आधुनिक आहे, तिचे टोमणे अधिक गुळगुळीत आहेत आणि ती हरल्यावर कधी कधी स्वतःही हसते.

दुसऱ्या प्रश्नाविषयी एवढेच म्हणतो, की तुम्ही तो भाग बंद करायला नको होता. गंभीर भूमिका करणाऱ्या नटाची आठवण आपण त्याच्या रडवणाऱ्या प्रसंगांनी काढतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मग ज्या बाईने आपल्याला हसवण्यासाठी इतके कष्ट घेतले, तिच्या कामावर हसणे अनादर कसा ठरेल? बातमी आली त्या रात्री मी आईसोबत ‘श्रीमान श्रीमती’ चे काही भाग पाहिले. आम्ही दोघेही हसलो, आणि मधेच आई उठून आत गेली. थोड्या वेळाने ती परत आली आणि तिने पुढचा भाग लावायला सांगितला.

शेवटची रांग

सर्वांचे मनापासून आभार. लिंबोणी, तुमचे म्हणणे मान्य आहे. आई आणि विनोदी अभिनेत्री अशी फाळणी मी रागाच्या भरात केली, आणि कोकिळेविषयी तुम्ही जे लिहिले त्यानंतर ती तशीच धरून ठेवणे शक्य नाही. तरीही वर्तमानपत्रांकडून माझी अपेक्षा कायम आहे. विनोदी काम हे गंभीर कामांच्या मधल्या विश्रांतीत केलेले काम असते, असा एक समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, आणि अभिनेत्रींच्या बाबतीत तर तो अधिकच जाचक ठरतो. रीमाताईंच्या एवढ्या मोठ्या कामावर लिहिणाऱ्यांनी त्याला बळी पडायला नको होते.

पाचवा अंक, तुम्ही सांगितलेली गोष्ट डोक्यात ठेवून आज मी तोच भाग पुन्हा पाहिला. सून बोलत असताना फक्त सासूकडे पाहायचे, असे ठरवले होते. त्या खरोखरच नुसत्या ऐकतात, आणि तरीही सगळे भांडण त्यांच्या चेहऱ्यावर चाललेले असते.

आता एक विनंती. मालिका पुन्हा पाहता येतात, परंतु नाटकाचा प्रयोग ज्यांनी पाहिला त्यांच्यापाशीच राहतो. आपल्यापैकी कुणी ‘पुरुष’ किंवा ‘सविता दामोदर परांजपे’ चे प्रयोग रीमाताईंच्या काळात पाहिले असतील, तर जे आठवेल ते, अगदी तुटक असले तरी, कृपया इथे लिहावे.

पाचवा अंक

‘सविता’ चा प्रयोग मी पाहिला आहे. आज रात्री निवांत बसून लिहितो.