टॉवर हटवण्याआधी दिवे खाली वळवा

काका, तुमचं म्हणणं की लहरींच्या भीतीपायी रामबागेतल्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर हटवावा आणि गल्लीत आणखी झगझगीत दिवे लावावेत. मला नेमकं उलट वाटतं.

अँटेनाचा झोत जवळपास आडवा जातो, थेट खालच्या मजल्यावर तो कमीच पोचतो. मोजणी करून घ्यायची तर समोरच्या, त्याच उंचीच्या खिडकीत करून घ्या. भारताने २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली: १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींना दर चौरस मीटरला ०.९ वॅट. शिवाय टॉवर लांब गेला की सिग्नल क्षीण होतो आणि कानाशी धरलेला फोनच जास्त जोर लावतो.

दिव्यांचं मात्र मनाला लागतं. आमच्या खिडकीसमोर पांढरा एलईडी लागल्यापासून आई रात्री जाड पडदा लावून, उकाड्यात झोपते. त्या प्रकाशातला निळा भाग मेलॅटोनिन, म्हणजे झोपेचा इशारा देणारं संप्रेरक, दाबतो, आणि झोपेची वेळच सरकते. आणि आपल्या इंदूरचा सिरपूर तलाव! २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. रात्री प्रवास करणारे पक्षी उजेडाने भरकटतात. तिथे तरी ३००० केल्विनपेक्षा पिवळसर (प्रकाशाच्या रंगाचं हे माप जितकं कमी तितका उजेड पिवळा), वरून झाकलेले, मध्यरात्रीनंतर मंद होणारे दिवेच हवेत. अंधाराची भीती मलाही कळते, पण डोळ्यांत घुसणाऱ्या दिव्यामागचा माणूस दिसत नाही, सावलीच गडद होते.

वॉर्डाच्या बैठकीत दिव्यांना टोप्या बसवायची मागणी आपण दोघं मिळून मांडूया का?