महिंद्रा एफसी-१५० पेट्रोल: रेस दिली की गचका, कार्बोरेटरमध्ये शिंक, उतारावर सायलेन्सरमधून फटाके

घाटमाथा:
गाडी एफसी-१५० (इंजिन केबिनच्या आत असलेली जुनी जीप), मूळचं पेट्रोल हरिकेन इंजिन (एफ-हेड, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट बाजूला ब्लॉकमध्ये; २१९९ सीसी), कार्टर वायएफ सिंगल बॅरल कार्बोरेटर, १२ व्होल्ट, पॉइंट-कंडेन्सरवालं इग्निशन (ठिणगी देणारी जुनी यांत्रिक व्यवस्था). गाडी पुण्यात असते.

थंड असताना चोक ओढला की लगेच स्टार्ट होते. गरम झाल्यावर आयडलिंग लंगडं पडतं आणि केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. उभ्या गाडीला पटकन रेस दिली की क्षणभर इंजिन बसतं, कार्बोरेटरमधून 'फट्' होतं आणि मग उचलतं. हळूहळू पाय दाबला तर काही होत नाही. चोक अर्धा ओढून ठेवला तर गचका जवळजवळ जातो. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके. अ‍ॅव्हरेजही पडलंय.

प्लग नवीन आहेत, तरी चारही काळे, कोरड्या काजळीचे. एक मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर बदला, दुसरा म्हणतो व्हॉल्व्ह गेले. सुटे भाग सहज मिळत नाहीत, त्यामुळे अंदाजाने काही बदलायचं नाहीये. तपासायला सुरुवात कुठून करू?

पॉइंटगॅप:
कार्बोरेटरला हात लावायच्या आधी इग्निशन. हा क्रम उलटा केला की माणूस दिवसभर मिक्श्चर स्क्रू फिरवत बसतो आणि दोष कंडेन्सरमध्ये निघतो.

डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप काढा. रोटर धरून बाजूला हलवून बघा. शाफ्ट जाणवण्याइतका हलत असेल तर बुश गेलेत, अशा डिस्ट्रिब्युटरचा गॅप कधीच टिकत नाही. नंतर पॉइंट कॅमच्या टोकावर आणून फिलर गेज घाला: ०.५० मिमी (२० थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग). ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारा) असेल तर ४२ अंशांच्या आसपास यायला हवं. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि गॅप कमी झाला की टायमिंग आपोआप मागे पडतं. मागे पडलेल्या टायमिंगने पिकअप मरतं, जळणं लांबतं, एक्झॉस्ट तापतो आणि फटाके वाजतात. म्हणून आधी गॅप, मगच टायमिंग. टायमिंग लाइट लावून आयडलला (६०० आरपीएम) टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असण्याच्या क्षणाच्या) आधी ५ अंश. या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेणारा अ‍ॅडव्हान्स नसतो, फक्त फिरत्या वजनांचा असतो. रोटर हाताने फिरवून सोडला की स्प्रिंगने परत यायला हवा. नाही आला तर वजनं चिकटलीत.

पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड दिसलं तर कंडेन्सर संशयित. प्लग गॅप ०.७५ मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो. ३ आणि ४ च्या वायरी अदलाबदल झाल्या तरी इंजिन कसंबसं चालतं आणि दोन्हीकडून आवाज काढतं. अंधारात बॉनेट, म्हणजे तुमच्या गाडीत सीटांमधलं कव्हर, उघडून वायरींवर ठिणग्या नाचतात का तेही बघा.

सोलेक्सवाला:
माझं मत पेट्रोलवर. पंपावर आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटने मिक्श्चर आपोआप सात-आठ टक्के पातळ होतं. चोक ओढल्यावर सुधारतं, हे त्याचंच लक्षण. मेन जेट एक नंबर मोठा घाला. शिवाय ई-२० जुन्या टाकीतला गंज-कचरा सुटा करतं, तेव्हा फिल्टर आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाची काचेची वाटी साफ करा.

फिलरगेज:
ई-२० चा मुद्दा खरा आहे, पण या गाडीचे प्लग काळे आहेत आणि पेट्रोलचा वास येतोय. नुसतं पातळ मिक्श्चर असतं तर प्लग पांढरट दिसले असते. जेट मोठा करून काजळी वाढेल, गचका तसाच राहील. जेटला हात लावू नका.

कार्बोरेटरमधली शिंक आणि सायलेन्सरमधला फटाका हे दोन वेगळे प्रकार आहेत. शिंक येते ती मिक्श्चर क्षणभर पातळ पडल्याने (ज्योत हळू जळते, इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत विझलेली नसते), नाहीतर इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याने. फटाका वाजतो तो न जळलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथे त्याला हवा मिळाली की. तुमच्याकडे एकाच वेळी रेस देताना पातळ आणि बाकी वेळ जाड अशी अवस्था आहे. वायएफमध्ये हे दोन्ही एका भागाने होऊ शकतं: अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा (रेस देताना जादा पेट्रोल उडवणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा.

या कार्बोरेटरमध्ये डायफ्रॅमच्या वर पेट्रोल आणि खाली इंजिनचा व्हॅक्यूम असतो. आयडलला व्हॅक्यूम त्याला खाली ओढून धरतो. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम पडतो, स्प्रिंग त्याला वर ढकलतं आणि पेट्रोलची पिचकारी उडते. डायफ्रॅमला भेग पडली की पिचकारी मरते, आणि आयडलला व्हॅक्यूम त्याच भेगेतून पेट्रोल थेट इंजिनमध्ये खेचतो. मीटरिंग रॉडही (मेन जेटमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणारी सळई) याच डायफ्रॅमवर लटकलेला असल्याने त्याचाही हिशेब चुकतो. जुनं कापड-रबर इथेनॉलने फुगतं नाहीतर कडक होऊन तडकतं, तेव्हा सोलेक्सवाले म्हणतात ते कारण असेलही, पण ते जेटमधून नाही, डायफ्रॅममधून.

तपासायला दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद, एअर क्लीनर काढा, टॉर्च मारून कार्बोरेटरच्या गळ्यात बघत थ्रॉटल हाताने झटकन उघडा. त्याच क्षणी पातळ, सरळ, जोरकस धार दिसायला हवी. थेंब-थेंब, उशिरा, किंवा काहीच नाही, तर दोष तिथेच. इंजिन चालू असताना मात्र गळ्यात डोकावू नका. एअर क्लीनर नसताना शिंक आली तर ज्वाला वर येते आणि एफसीत इंजिन केबिनच्या आत आहे. अग्निशामक हाताशी ठेवा.

त्यानंतर व्हॅक्यूम गेज. वायपरच्या व्हॅक्यूम लाइनची जोडणी काढून तिथे लावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी. पुण्यात म्हणजे १५ ते १९ चांगलं. काटा स्थिर पण खाली: टायमिंग मागे किंवा हवेची गळती. ठराविक लयीत झटका: एखादा व्हॉल्व्ह. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे गळतीची जागा म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, थ्रॉटल शाफ्टचे बुश आणि वायपरची लाइन. डबल-अ‍ॅक्शन पेट्रोल पंप (वायपरसाठी व्हॅक्यूमही देणारा) असेल तर त्याचा व्हॅक्यूमकडचा डायफ्रॅमही. तो फाटला तर इंजिन क्रँककेसमधलं ऑइल ओढून निळा धूर काढतं.

घाटमाथा:
बघितलं. पॉइंट गॅप ०.३५ निघाला, शाफ्ट घट्ट आहे. ०.५० करून टायमिंग ५ अंशांवर आणलं. उतारावरचे फटाके कमी झाले, गेले नाहीत. शिंक आणि गचका जसाच्या तसा. गळ्यात बघितलं तर धार नाही, नळीच्या तोंडाशी ओल फक्त. व्हॅक्यूम १६, काटा मंद डुलतो, लयीत झटका नाही. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत बसवला तरी इंजिन बंद पडत नाही.

फिलरगेज:
शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रू बंद करूनही आयडल चालतं म्हणजे पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय. फ्लोटची निडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) गळत असेल तरी असं होतं, म्हणून एकदा खात्री करा: इंजिन बंद केल्यावर मेन नोझलमधून पेट्रोल थेंब-थेंब टपकत राहिलं तर निडल, कोरडं असेल तर डायफ्रॅम.

कार्बोरेटर काढून टेबलावर घ्या. बेस आणि बॉडी वेगळी करताना मीटरिंग रॉड आधी काढा, वाकला तर नवीनच लागेल. डायफ्रॅम उजेडासमोर ताणून धरा. मधल्या वायसरच्या कडेला भेग असते, पसरून ठेवलेल्या अवस्थेत ती दिसत नाही. किट घेताना दुकानदाराला इथेनॉल चालणारं रबर विचारा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या वाटेतले चेक बॉल (पेट्रोल एकाच दिशेने सोडणाऱ्या गोळ्या) हरवू नका आणि नुसत्या हवेने फुंकून ते एकाच दिशेला सोडतात का बघा. सगळे जेट कार्ब क्लीनरने आणि हवेने, तारेने अजिबात नाही. पितळेच्या जेटला तारेचा एक ओरखडा पुरतो. बेसची सपाटी फूटपट्टी ठेवून बघा. मिक्श्चर स्क्रू हलकेच बसवून दीड फेरी उघडा, मग गेजवर जास्तीत जास्त व्हॅक्यूम येईपर्यंत पाव-पाव फेरीने जुळवा.

पॉइंटगॅप:
बसवल्यावर टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) बघून टाका. इंजिन थंड, इनटेक ०.४६ मिमी (१८ थाऊ) वर रॉकरवर, एक्झॉस्ट ०.४१ (१६ थाऊ) बाजूच्या प्लेटमागे. एक्झॉस्टचे लोक टाळतात कारण हात पोचत नाही, आणि मग घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह जळतो.

घाटमाथा:
मेन नोझल कोरडं, म्हणजे निडल ठीक. डायफ्रॅम वायसरला लागून जवळजवळ अर्ध्या घेरात फाटलेला निघाला. नवीन बसवला, बेसचं पॅकिंग बदललं. व्हॅक्यूम १७, काटा स्थिर. स्क्रू आत घेतला की आता इंजिन बंद पडतं. गचका आणि शिंक नाही. उतारावर मात्र गिअरमध्ये एखादा फटाका अजून वाजतो.

फिलरगेज:
आता एक्झॉस्ट. इंजिन थंड असताना सुरू करा, मॅनिफोल्ड आणि पाइपच्या जोडावर हात जवळ धरून फुसफुस जाणवते का बघा, काजळीची रेघही सांगेल. पाय सोडल्यावर पाइपात व्हॅक्यूमचे ठोके बसतात, जोडातून ताजी हवा आत येते आणि उरलंसुरलं पेट्रोल पेटतं. पॅकिंग बदला, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने आवळा, आणि गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा आवळा.