कळस दिसला आणि परतलो : तुमचे अनुभव लिहा

आळंदीहून चालत पंढरपुरात पोचलो तेव्हा दर्शनबारी, म्हणजे दर्शनाची रांग, गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेली होती. आमच्या दिंडीतल्या बहुतेकांनी चंद्रभागेत स्नान केलं, पुंडलिकाला भेटून नामदेव पायरीवर डोकं टेकलं, कळसाला हात जोडले आणि नगरप्रदक्षिणेला निघाले. झाली वारी. माझी पहिलीच होती. इतकं चालून विठोबा दिसलाच नाही म्हणून मला रडू आवरेना. शेजारच्या मावशींनी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "सतरा वर्षं येतेय, आत तीनदा गेले. बाकीच्या चौदा वाऱ्या काय वाया गेल्या व्हय?"

तेव्हापासून हाच प्रश्न मनात घोळतोय. ज्यांची वारी कळसापाशी थांबली, त्यांना काय मिळालं? मोकळेपणाने लिहा.

परभणीकडचा शेतकरी, रथामागच्या दिंडीत

पेरणी उरकली की मी निघतो. ताई, माझं दर्शन रोज संध्याकाळी तळावर होतं. समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ असतो. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतात आणि क्षणात सगळं शांत. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढीच दिंडी टाळ वाजवत राहते, मग चोपदार जाऊन तिचं गाऱ्हाणं ऐकतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशीच्या वेळा सांगतात, मग आरती. लाखभर माणसांचा कारभार असा चालतो.

एका वर्षी चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणाच्या (दुतर्फा उभ्या दिंड्यांमधून माउलींचा अश्व धावतो, त्या) गर्दीत माझी टाळजोडी पडली. वडिलांची होती, त्यांच्या बोटांनी दोरी काळी झालेली. आता ती कुठली मिळतेय, म्हणून जेवणावरची वासना उडाली. त्याच संध्याकाळी तरडगावच्या तळावर पुकारा झाला. कुणी आणून दिली ते आजही माहीत नाही. त्या वर्षी पंढरपुरात मी रांगेकडे गेलोच नाही.

सासवडची एक गृहिणी

मी एकदाही पायी गेले नाही, तरी लिहिते. माउलींची पालखी दिवेघाट चढून आमच्या गावात येते आणि दोन रात्री राहते. ओसरीवर तीस-चाळीस जण उतरतात. घाट चढून आलेले पाय कसे असतात ते मला विचारा. गरम पाणी, खोबरेल तेल, एकादशीची खिचडी, हीच आमची आषाढी. २०२० साली पायी वारी नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ओसरी झाडून ठेवली होती, सवयीने. संध्याकाळी जालन्याहून नेहमीच्या आजींचा फोन आला : "पोरी, तेल गरम केलंस का?" दोघी बराच वेळ नुसत्या फोन धरून बसलो.

मंगळवेढा तालुक्यातून

वरचं वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे पणजोबाही वारकरी होते. कळसदर्शन त्यांनी पत्करलेलं नव्हतं. आमच्या माणसांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकायला मनाई होती. जिथे चोखोबांची समाधी आहे, तिथूनच हात जोडायचे आणि मागे फिरायचं. उभं आयुष्य पणजोबांनी विठ्ठल असाच पाहिला, म्हणजे पाहिलाच नाही. ते गेले तेव्हाही दार बंद होतं.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि मंदिर सगळ्यांना खुलं झालं. त्यानंतरच्या कार्तिकीला आजोबा आत गेले. पायांवर डोकं ठेवलं ते उचलवेना, मागच्याने दंड धरून उठवलं, असं ते सांगायचे.

म्हणून मी रांग सोडत नाही. वीस तास लागोत, पाऊस लागो. आधी चोखोबांच्या समाधीशी बसतो, मग बारीला लागतो. पायांवर डोकं टेकताना एक नमस्कार पणजोबांचा असतो.

धागा सुरू करणारी

दादा, हे लिहिलंत म्हणून तुमची ऋणी आहे. मी समाधीवरून दोनदा गेले, थांबले नाही. न मिळालेल्या दर्शनाचा प्रश्न मी फार सोपा करून विचारला होता. बाहेरून हात जोडून परतण्यात मला जे समाधान दिसलं, ते दार उघडं असलेल्या माणसाचं आहे.

बंदोबस्तातला पोलीस

तीन आषाढ्या मंदिराकडे पाठ करून उभा होतो. आमचं तोंड माणसांकडे. बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या चेहऱ्यांवर जे दिसतं, ते मी पोटभर पाहिलंय.

सोलापूरहून

मला मात्र वाईटच वाटलं होतं आणि ते गेलं नाही. आई आजारी होती, तिच्यासाठी मागायचं होतं, आणि मी कळस बघून परत आलो. मग मार्गशीर्षात एका साध्या मंगळवारी तिलाच घेऊन एसटीने गेलो. गर्दी नव्हती. आईने विठोबाच्या पायांवर दोन्ही हात ठेवले. बाहेर आल्यावर विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "विसरलेच रे. हात किती गार लागले, तेवढंच आठवतंय."