मदत हवी आहे: नामिबियात टायर फुटला, उद्या निघावं की नाही?

घाईतला_प्रवासी:
तातडीने उत्तर हवंय. सॉलिटेअरला अडकलोय. मागचा टायर गेला, स्पेअर लावून कसेबसे पोचलो. उद्या सकाळी वॉल्विस बेला निघायचंय, तिथलं बुकिंग रद्द केलं तर पैसे बुडतात. गाडी ज्यांच्याकडून घेतली ते फोन उचलत नाहीत. असंच पुढे जावं का? कृपया लेक्चर नको.

रानवाटा:
गाडी कोणती? अजून एक स्पेअर आहे का? टायर कुठे फाटलाय, बुडाला की बाजूला? फोटो टाका.

पोटोबा:
सॉलिटेअरला आहात आणि ॲपल पाय खाल्लात की नाही ते लिहिलंच नाही! लोक त्यासाठी वाट वाकडी करतात.

घाईतला_प्रवासी:
हायलक्स आहे. अजून काय माहिती हवी?

रानवाटा:
बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं.

बुलेटकाका:
एवढा बाऊ कशाला? ट्यूबलेसचं किट घ्या, पट्टी खुपसा, हवा भरा, चला. मी आइसलँडला अख्खा रिंग रोड असाच केला. तिथे तर वारा असा की दार उघडताना हातातून निसटतं. एकदा काय झालं...

रानवाटा:
काका, आइसलँडचा धागा वेगळा काढा. बाजूला फाटलं असेल तर पट्टी टिकत नाही.

घाईतला_प्रवासी:
बाजूलाच आहे. बोट जाईल एवढी चीर. टायर हलवला की आतून काळा भुगा पडतो. स्पेअर एकच होता, तो लावलाय. आता सांगा.

रानवाटा:
भुगा पडतोय म्हणजे टायर कमी हवेवर बराच पळालाय. सोसुसव्लेच्या वाळवंटात गेलात तेव्हा वाळूसाठी हवा सोडली होती का?

घाईतला_प्रवासी:
सोडली होती, सगळेच सोडतात. त्याचा इथे काय संबंध?

रानवाटा:
तिथे जाताना वाळू फक्त शेवटचे ५ किमी. मग परतताना सेस्रिएमच्या फाटकापर्यंत साठेक किमी डांबर आणि पुढे सॉलिटेअरपर्यंत ऐंशीच्या आसपास खडी. तेवढं अंतर हवा न भरता गेलात तर टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते आणि आतून खरवडली जाते. बाकीचे तीन टायरही तसेच पळालेत. आत्ता, टायर गार असताना, चारही मोजा. स्पेअरसुद्धा.

बुलेटकाका:
खडीवर हवा थोडी कमीच ठेवायची असते. १.८ ठेवा.

मोजमाप:
काका, दाब बारमध्ये सांगा हो! नाहीतर हे पीएसआयमध्ये १.८ करतील. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. आणि आकडा इथे विचारण्यापेक्षा दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा. सामानाने भरलेल्या गाडीला वेगळा आकडा असतो.

बुलेटकाका:
स्टिकर डांबरासाठी असतो. अनुभव नावाची गोष्ट असते.

घाईतला_प्रवासी:
तुम्ही नंतर भांडा. जाऊ की नको?

रानवाटा:
स्पेअरशिवाय नको. पुढे गौब आणि कुइसेबचे घाट आहेत, फोनला रेंज मिळेलच असं नाही. सॉलिटेअरला पंपाजवळ टायरवाला आहे, त्याला त्याच मापाचा टायर विचारा. जुना चालेल, पण बाजू तपासून घ्या. पावती घ्या, चिरलेल्या टायरचे फोटोही काढा. साध्या विम्यात टायर आणि काच बऱ्याचदा नसतात. आणि उशीर झाला तरी अंधारात गाडी काढू नका. कुडूसारखं मोठं हरीण समोर आलं तर टायर परवडला म्हणाल.

पोटोबा:
तोवर ॲपल पाय खा.

घाईतला_प्रवासी:
टायरवाल्याकडे त्याच मापाचा एक आहे, नक्षी वेगळी. उद्या आठ वाजता ये म्हणतो. तीन टायर मोजले: १.५, १.५, १.४. स्पेअर २.२ आहे. हे कमी आहे का?

रानवाटा:
हो!! आजच भरून घ्या. वेगळ्या नक्षीचा स्पेअर म्हणून चालेल.

नवखी_सदस्या:
धागा छान. आम्ही केपटाऊनहून गाडीने नामिबियात जाणार आहोत. दक्षिण आफ्रिकेचे रँड तिथे चालतात का?

मोजमाप:
चालतात, एकास एक. उलटं होत नाही, नामिबियाचे डॉलर परत येण्याआधी संपवा.