उष्टावणानंतर दाण्याचं कूट द्यावं, की वर्षभर थांबावं?

पांझराकाठ, धुळे
आपल्याकडे भाजीत कूट रोजचं, पण बाळाला मात्र 'उष्ण पडेल, पुरळ उठेल' म्हणून दोन-तीन वर्षं दाणा चाटवतही नाहीत. माझं मत: हे थांबवा. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2000 साली जोखमीच्या बाळांना तीन वर्षं शेंगदाणा देऊ नका म्हटलं होतं, 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला. मग 2015 साली लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या चमूचा 640 बाळांचा अभ्यास आला. दाणे टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी सुमारे 17 टक्के मुलांना दाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्यांत 3 टक्के.

शहादेकर
ती बाळं निवडक होती हो! तीव्र एक्झिमा (खाज सुटणारा इसब) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. ते आकडे आपल्या सरसकट पोरांना कसे लावता? इथे खरी भीती श्वासनलिकेत दाणा अडकण्याची आहे, अर्धा दाणाही पुरतो. सहा महिने निव्वळ आईचं दूध पाजा, तेच ॲलर्जी अडवतं.

पांझराकाठ, धुळे
अख्खा दाणा पाच वर्षांखाली नकोच, यावर वाद नाही. दुधाचं मात्र तपासून बोला. आईचं दूध जुलाब-न्यूमोनियापासून वाचवतं हे पक्कं, अन्नाच्या ॲलर्जीबाबत पुरावा कमजोर आहे. बाळंतिणीने दाणे-अंडी सोडूनही बाळाची ॲलर्जी टळत नाही, तिचंच पोषण घटतं.

कूट असं द्या: बुरशीचा एकही दाणा नको. मंद आचेवर भाजून, फोलं पाखडून, बारीक दळून चाळा. मिक्सरमध्ये कण राहतात, आणि जास्त फिरवलं की तेल सुटून चिकट गोळा होतो, तो टाळूला चिकटतो. म्हणून कोमट पाण्यात सैल करून नाचणीच्या खिरीत किंवा कुस्करलेल्या केळ्यात मिसळा. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं. दोन तास लक्ष ठेवा. बाळ आजारी असताना सुरुवात नको. पचलं तर आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण 8 ग्रॅम, आणि खंड पाडू नका.

रावेरची ताई
दोघांनी कातडीचा मुद्दा सोडलात. एक्झिमाने फुटलेल्या त्वचेतून दाण्याचं प्रथिन शिरलं तर शरीर त्याला शत्रू मानायला शिकतं. तोंडावाटे आलं तर बहुधा सवयीचं होतं. घाण्यावर काढलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनाचे अंश राहतात. अशा बाळाला शेंगदाणा तेलाने चोळणं आधी बंद करा.

शहादेकर
ताईंचं पटलं. मग तीव्र एक्झिमाच्या बाळाला घरी प्रयोगही नको, आधी बालरोगतज्ज्ञ. ओठ सुजणं, अंगभर गांधी, वारंवार उलटी, घरघर, बाळ मलूल पडणं, यातलं काही दिसलं की 108 ला फोन करा, घरगुती औषधात वेळ घालवू नका. आणि चौथ्या महिन्यापासूनच दाणा सुरू करण्याचा काहींचा आग्रह मला मान्य नाही. इतर बाळांना सहा महिने पुरे झाल्यावरच.

पांझराकाठ, धुळे
सहा महिने कबूल. पण सहाचे अठरा करू नका.