शब्दचर्चा : मोबाईलच्या पाटीवर ‘शिष्टाचार’ लिहावा का?

अभ्यासिकेतून

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाला लागून एक अभ्यासिका आहे. बहुतेक मुलंमुली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, पहाटेपासून जागा धरून बसणारी. तक्रारवही उघडली की पानोपानी मोबाईल. कुणाचा वाजतो, कुणी जागेवरून न उठता तोंडावर हात धरून बोलतो, कुणी जेवणाच्या सुट्टीत स्पीकरवर रील लावतो. कार्यकारिणीने पाटी लावायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडे आला : ‘सार्वजनिक ठिकाणी वाचकांनी भ्रमणध्वनी शिष्टाचाराचे पालन करावे.’

तीन दिवस झाले, पेंटरकडे पाठवायला हात होत नाही. वाक्यात चूक नाही. पण ते वाचून एकही मुलगा खिशात हात घालणार नाही, असं मला वाटतं.

माझी पहिली अडचण ‘शिष्ट’ या शब्दाची आहे. मूळ संस्कृत अर्थ सुंदर आहे. शास् धातूपासून आलेला हा शब्द, म्हणजे ज्याला नीट शिकवण मिळाली आहे तो. शिष्य, शासन, शास्त्र हे त्याचेच भाऊबंद. पण आमच्या घरात आजी म्हणायची, ‘ती सून जरा शिष्टच आहे, आपणहून बोलायची नाही.’ बोलण्यात शिष्ट म्हणजे आढ्यतेखोर, स्वतःला चार बोटं वर समजणारा. ‘शिष्टाई’ म्हटलं की कृष्णशिष्टाई आठवते, म्हणजे दोन पक्षांमधली बोलणी. आणि ‘राजशिष्टाचार’ हा तर शासनाचा विभागच आहे, पाहुण्या मंत्र्याला कोण सामोरं जाणार, कुणाची खुर्ची कुठे, हे पाहणारा. एवढं सगळं कानात असताना ‘शिष्टाचार’ हा मानपानाचा शब्द वाटतो. शेजारी बसलेल्या मुलाचं गणित तुटलं, हे त्यातून कुठे कळतं?

दुसरी अडचण ‘सायलेंट’ला मराठी काय लिहायचं ही. सुचवाल का?

नाट्यगृहातला

तीसेक वर्षं पडद्यामागे काम करतोय, म्हणून सांगतो. पूर्वी प्रयोगाआधीच्या निवेदनात एकच विनंती असे, लहान मूल रडलं तर त्याला बाहेर न्यावं. मोबाईल आले तशी त्यात एक ओळ वाढली, ‘भ्रमणध्वनी बंद ठेवावेत’. आम्ही ती किती वर्षं वाचली! एक दिवस लक्षात आलं की ‘भ्रमणध्वनी’ ऐकताच प्रेक्षक समजतात, हे निवेदन आहे, आणि आपसांतलं बोलणं पुढे चालू ठेवतात. घरी कुणी ‘माझा भ्रमणध्वनी कुठे ठेवलास’ असं विचारत नाही. आम्ही ‘मोबाईल’ म्हणायला लागलो. निदान माना तरी वळतात.

२०१९च्या पावसाळ्यात हा विषय पेटला होता. सुमीत राघवन यांनी नाशिकला फोन वाजला म्हणून प्रयोग थांबवला. सुबोध भावे यांनी तर जाहीरपणे लिहिलं की असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं थांबवतो. त्या दिवसांत आमच्यातही ‘सायलेंट’ या शब्दावर बरीच चर्चा झाली. अडचण अशी की हा शब्द फक्त आवाजापुरता आहे. लाकडी खुर्चीच्या हातावर ठेवलेला फोन थरथरला तरी घुर्र घुर्र आवाज तीन रांगांना जातो, आणि अंधारात पेटलेला पडदा रंगमंचावरून थेट डोळ्यांत येतो. तो माणूस मात्र मनापासून सांगतो, ‘अहो, सायलेंटवर होता.’ त्याच्या बाजूने तो खरंच बोलत असतो. म्हणून आम्ही आता ‘बंद करा आणि खिशात ठेवा’ अशी दोन क्रियापदं वापरतो. तुमच्या पाटीतही नामं कमी आणि क्रियापदं जास्त असू द्या.

भाषेचा विद्यार्थी

‘सायलेंट’साठी मराठीने पूर्वीच एक शब्द वापरला आहे : मूक. मूकपट, मूकमोर्चा. पण ‘मोबाईल मूक करा’ मला खटकतं. मूक म्हणजे ज्याला बोलता येत नाही. ‘निःशब्द’ म्हणजे भावनेने शब्द न फुटणं, तो फोनला कसा लावणार? ‘शांत’ त्यातल्या त्यात बरा, पण शांत तर राग आलेल्यालाही करतात.

मला ‘मौन’ जवळचा वाटतो. मुनीपासून मौन. बोलता येत असून न बोलणं, ठरवून. मौनव्रतात कुणी तोंडाला कुलूप लावत नाही, माणूस स्वतः पाळतो. ‘मोबाईल मौनात ठेवा.’ कसं वाटतं?

एक असहमती मात्र नोंदवतो. बोलीत एखाद्या शब्दाला वाकडा अर्थ चिकटला म्हणून लिखित भाषेतून त्याला हाकलायचं, हे मला पटत नाही. ‘शिष्टाचार’ लिहीत राहिलो तरच तो नीट अर्थाने टिकेल.

पंचगंगेकाठचा

मौन बिन आमच्याकडं कोण वाचणार? ‘गप्प’ लिवा की. ‘मोबाईल गप्प करून आत या.’ लहान पोराला पण कळतंय.

आणखी एक. आवाज ‘कमी’ करायला सांगितलं की माणसाला टोचतंय. रेडिओच्या काळापासनं आपण म्हणतोय, ‘आवाज बारीक कर.’ आमच्याकडं ‘बारका’. एसटीत शेजारचा मोठ्यानं व्हिडिओ बघत असला तर मी म्हणतो, ‘मामा, जरा बारका करा की आवाज.’ आजवर एकानं पण डोळं वटारलं नाहीत. ‘जरा’ आणि ‘की’ ह्या दोन शब्दांत सगळं आलं. ‘आवाज कमी करा’ म्हटलं असतं तर भांडण ठरलेलं.

वऱ्हाडातून

खरं हाय. आमच्याकडे ‘हळू बोला ना भाऊ’. त्यातला ‘ना’ काढला का हुकूम होते.

तोक्योहून

इथे अकरा वर्षं राहते. जपानी फोनवर या सोयीचं नावच ‘मॅनर मोड’ आहे. कोरियातही तसंच म्हणतात. इंग्रजीतून ‘मॅनर’ उचलला आणि कळीला नाव दिलं. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की ‘सायलेंट’ हा फोनचा गुण झाला, ‘मॅनर’ हा माझा. कळ दाबताना आपण शेजारच्यासाठी काहीतरी करतोय, हे नावातच येतं.

आगगाडीत घोषणा होते की फोन मॅनर मोडवर ठेवा आणि बोलण्याचा ‘एन्र्यो’ करा. या एन्र्योला मराठी शब्द शोधायला मी बराच वेळ घालवला आहे. दुसऱ्याला त्रास होईल म्हणून स्वतःहून मागे सरणं. आपल्याकडे ‘संकोच’ आहे, पण त्यात लाज मिसळली आहे. ‘भीड’ जवळ जातो, ‘भीड बाळगा’. पण ‘भिडस्त’ म्हटलं की दुबळेपणा येतो, आणि ‘भिडेखातर’ म्हणजे मनाविरुद्ध. ‘आब’, ‘अदब’ मोठ्या माणसांपुढे. मग उरतो ‘भान’. ‘भान ठेवा’ हे मात्र अगदी नेमकं बसतं. भान लहानमोठं कुणाचंही ठेवता येतं.

रेल्वेच्या नोकरीतला

आमच्याकडे रात्री दहानंतर डब्यात फोनवर मोठ्याने बोलू नये, हेडफोनशिवाय गाणी लावू नयेत, अशा सूचना २०२२ सालच्या जानेवारीत आल्या. मुंबईत बेस्टनेही २०२३मध्ये बसमध्ये असाच मनाई आदेश काढला. दोन्हीकडे अडतं ते ‘मोठ्याने’ या शब्दावर. प्रवासी विचारतो, मोठ्याने म्हणजे किती? त्याला रोज तेवढ्याच आवाजात बोलायची सवय असते. मी सांगतो, तुमचं बोलणं समोरच्या बाकावर शब्दन्‌शब्द कळत असेल तर ते मोठ्याने. हे लगेच पटतं.

अभ्यासिकेतून

सगळ्यांचे आभार. ‘भाषेचा विद्यार्थी’ यांना एक उत्तर देणं भाग आहे. शब्द टिकवावेत हे मान्य. पण पाटी ही शब्द टिकवायची जागा नाही. तिच्याखाली बसलेल्या मुलीला पुढचे तीन तास शांतपणे वाचता यावं, एवढंच तिचं काम. निबंधात मीही ‘शिष्टाचार’ लिहीन.

मसुद्यातल्या ‘सार्वजनिक ठिकाणी’ याबद्दल माझ्या मनात जे आहे ते आता लिहिते. सार्वजनिक हा शब्द आपल्याकडे मोठ्या तोलाने वापरात आला. १८७०मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि तिच्यासाठी झटणाऱ्या गणेश वासुदेव जोशींना लोक ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले. सार्वजनिक म्हणजे सर्वांचं, म्हणून प्रत्येकाने खांद्यावर घ्यायचं. आज ‘सार्वजनिक नळ’, ‘सार्वजनिक शौचालय’ म्हटल्यावर मनात काय येतं? कुणाचंच नसलेलं. हा घसरलेला अर्थ मला शिष्टपेक्षाही जास्त लागतो.

त्या जागी मराठीत एक जुना शब्द आहे : चारचौघांत. ‘चारचौघांत असं बोलतात का?’ असं आईने डोळ्यांनी विचारलं नाही, असं मूल महाराष्ट्रात नसेल. ‘सार्वजनिक’ जागा दाखवतो, ‘चारचौघांत’ माणसं दाखवतो. चार तर चार, पण समोर बसलेली, चेहरे असलेली. आणि यात फोनची एक वेगळी गंमत आहे. जोरात बोलणाऱ्याच्या लेखी तो चारचौघांत नसतोच, तो पलीकडच्या माणसाबरोबर एकटा असतो. कालच एकजण खिडकीशी उभा राहून घरच्या कर्जाचे हप्ते सांगत होता. अवघी खोली ऐकत होती आणि मान खाली घालून बसली होती, त्याच्यासाठी ओशाळून. त्याला हाक मारून परत चारचौघांत आणायचं आहे.

आमच्याकडे एक मुलगा फोन आला की उठताना शेजाऱ्याला म्हणतो, ‘एवढा फोन घेतो हं.’ तो ‘एवढा’ मला फार आवडतो. फोन लहान आहे, लगेच येतो, तुझी परवानगी आहे ना, हे सगळं त्यात येतं.

तर पाटी अशी करते :

‘इथे चारचौघं अभ्यास करतात, भान ठेवा. मोबाईल गप्प करून आत या. फोन आला तर बाहेर जाऊन घ्या आणि बारीक आवाजात बोला.’

नाट्यगृहातला

उत्तम. तेवढं ‘बाहेर’ म्हणजे कुठे ते लिहा. नाट्यगृहात लोक दाराबाहेर पाऊल टाकतात आणि तिथूनच बोलतात, आवाज तस्साच आत येतो.

अभ्यासिकेतून

बरोबर. आमच्या दाराबाहेर व्हरांडा आहे आणि तिथे सकाळी चार आजोबा वर्तमानपत्र वाचत बसतात. ‘बाहेर जाऊन’ खोडून ‘जिना उतरून’ केलं. आत्ताच पेंटरकडे पाठवलं.